देवाच्या अंगणातील झाकलेली विहीर



वैशाख शुद्ध तृतीया समीप आली आहे. ह्या दिवशी आपल्या घराघरांतून उदककुंभाचे दान होते. मातीचा नवा घडा आणावा, त्यात गार पाणी भरावे, वाळ्याची जुडी सोडावी, पितरांचे स्मरण करून तो घडा दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशी आपली परंपरागत चाल आहे. ऐन उन्हाळ्यात पाण्याहून मोठे दान नाही, हे ज्या पूर्वजांनी ओळखले त्यांनी त्या दिवसाला ‘अक्षय्य’ हे नाव दिले. अक्षय्य म्हणजे जे सरत नाही ते.

गेल्या वर्षी ह्याच दिवशी मंदिरात उदककुंभ मांडलेले असताना एका लहान मुलीने आम्हांस विचारले, “हे पाणी कुठले?” आम्ही सहज म्हणालो, “टाकीतले.” तिने पुन्हा विचारले, “टाकीत कुठून आले?” त्या दिवशी नळास पाणी नव्हते. आदल्या संध्याकाळी टँकर मागविला होता. तो कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीतून भरून आला होता हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ज्या ठिकाणी उभे राहून आम्ही त्या मुलीस उत्तर देत होतो, तेथे आमच्या पायांखालीच मंदिराची जुनी विहीर होती. तिच्यावर सिमेंटची लादी घालून पुष्कळ वर्षे लोटली आहेत. आज त्या लादीवर भक्तजनांच्या चपला ठेवल्या जातात.

मुलीचे समाधान झाले असेल वा नसेल. आमचे मात्र झाले नाही. म्हणून ह्या अंकात आम्ही त्या झाकलेल्या विहिरीविषयी चार शब्द लिहीत आहोत. हा विषय बांधकामाचा आहे, धर्माचा नाही, असे कोणी म्हणेल. तो प्रथम धर्माचाच आहे, असे आमचे नम्र मत आहे.

इष्ट आणि पूर्त

आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाच्या पुण्यकर्मांचे दोन भाग कल्पिले आहेत. एक इष्ट आणि दुसरे पूर्त. यज्ञ, होम, व्रत, उपासना ही इष्टकर्मे होत. जे कर्म दुसऱ्याची उणीव भरून काढते, ते पूर्त. स्मृतिकारांनी पूर्ताची गणना केली आहे ती पाहण्यासारखी आहे. पायऱ्यांची विहीर, साधी विहीर, तळे, देवालय, अन्नदान, बाग, असा तो क्रम आहे. देवालयाचा उल्लेख त्यात आहे, तथापि तो पाण्यानंतर आहे. ज्यांनी ही यादी केली त्यांना देवाचे महत्त्व कमी वाटत होते, असे कोण म्हणेल? तहानलेल्या माणसाला देवाचे दर्शन घडविण्यापूर्वी पाणी पाजले पाहिजे, एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

नाथमहाराजांनी हेच आपल्या आचरणाने दाखविले. काशीची गंगा कावडीने रामेश्वरास नेत असता वाटेत तप्त वाळूवर तडफडणारे गाढव त्यांनी पाहिले, आणि देवाच्या अभिषेकाचे ते पाणी त्याच्या मुखात घातले. ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ऐकताना आपले डोळे भरून येतात, आणि कीर्तन संपल्यावर आपण चपला घालण्यासाठी त्याच लादीवर येतो.

पूर्तकर्माविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवे देवालय वा नवे तळे बांधण्यात पुण्य आहेच, परंतु जुने मोडकळीस आलेले दुरुस्त करून पुन्हा चालते करणे, ज्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो, त्याची योग्यता आपल्या परंपरेने फार मोठी मानली आहे. नवे बांधणाऱ्याचे नाव शिळेवर लागते. जीर्णोद्धार करणारा दुसऱ्याचे नाव पुन्हा वाचता यावे म्हणून शिळा पुसतो. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभारात स्वतःच्या राज्याबाहेर, हिंदुस्थानभर, देवळे व घाट बांधले, विहिरी व बारवा खोदविल्या आणि जुन्यांचे जीर्णोद्धार केले. १७९५ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या राज्याच्या सीमा आज इतिहासाच्या पुस्तकात शोधाव्या लागतात. त्यांच्या घाटांवर लोक आजही स्नान करीत आहेत.

उतरणे आणि हाक मारणे

ज्ञानेश्वरमाउली व नामदेवराय तीर्थयात्रेस निघाले असताना मारवाडच्या रुक्ष प्रदेशात त्यांना फार तहान लागली. एक विहीर दिसली, परंतु पाणी अतिशय खोल होते. दोर नाही, पोहरा नाही. माउलींनी योगसामर्थ्याने सूक्ष्म रूप घेतले, ते विहिरीत उतरले व पाणी पिऊन आले. नामदेवांसाठीही पाणी आणून देण्याची त्यांनी तयारी दर्शविली. नामदेवांनी ते घेतले नाही. त्यांनी काठावर बसून विठ्ठलाला हाक मारली, आणि खळखळाट करीत विहीर भरून वर आली व वाहू लागली.

संतचरित्रे सांगणारे ह्या कथेतून भक्तीचा महिमा प्रतिपादन करतात, आणि तो यथार्थच आहे. आम्ही आज तिचा एक लौकिक अर्थ आपल्यापुढे ठेवतो. विहिरीचे पाणी मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आपण स्वतः खाली उतरावे. दुसरा, पाण्याला वर बोलवावे. जी विहीर बुजली आहे तिला पुन्हा जिवंत करावयाचे असेल तर हे दोन्ही करावे लागते. प्रथम खाली उतरून वर्षानुवर्षांचा गाळ काढावा लागतो, ते माउलींचे उतरणे. नंतर आभाळातून पडणाऱ्या पाण्याला हाक मारून भूमीत आणावे लागते, म्हणजे झरे फुगतात व पाण्याची पातळी वर येते, ती नामदेवांची हाक. जो केवळ गाळ काढतो आणि पावसाचे पाणी गटारात जाऊ देतो, त्याची विहीर दोन उन्हाळ्यांत पुन्हा आटते. जो वरून पाणी सोडतो परंतु गाळ तसाच ठेवतो, तो घाणीत पाणी घालतो.

ह्या कथेत आणखी एक मर्म आहे. नामदेवांच्या हाकेने जे पाणी वर आले ते केवळ त्यांच्या ओंजळीपुरते नव्हते. विहीर वाहू लागली. त्या वाटेने येणारा पांथस्थ, उंट, पक्षी, सर्वांचा वाटा त्यात आला. विहिरीचा धर्म हाच आहे.

आपल्या नगराचा अनुभव

बेळगावची भूमी ह्या बाबतीत भाग्यवान आहे. सह्याद्री जवळ असल्याने पाऊस बरा होतो. वर जांभा दगड आहे, तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. त्याच्या खाली काळा पाषाण आहे, तो पाण्याला लवकर खाली जाऊ देत नाही. ह्या दोहोंमधल्या झिजलेल्या थरांत पाणी साठून राहते, आणि विहीर त्या थरांपर्यंत पोहोचली की झरे फुटतात. म्हणूनच आपल्या जुन्या पेठांतून, वाड्यांतून, देवळांच्या अंगणांतून इतक्या विहिरी होत्या. तिला संस्कृतात वापी म्हणतात, कन्नड भाषेत बावी, कोकणीत बांय आणि आपण बाव किंवा बावडी. एकाच शब्दाची ही लेकरे आहेत. पाण्याने आपल्या नगरातील भाषांमध्ये भेद केला नाही, ही गोष्ट आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. गंगाधरराव देशपांडे प्रभृतींनी त्याची सिद्धता केली. सहस्रावधी पाहुण्यांना पाणी पुरविण्याचा प्रश्न आला तेव्हा टिळकवाडीत एक मोठी विहीर खोदण्यात आली. तीच आज काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. मंडप उतरविले गेले, पाहुणे घरोघर गेले, विहीर राहिली.

पुढे राकसकोपच्या जलाशयाचे पाणी नळांनी घरोघर आले. ही सोय मोठी होती आणि तिचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, मुलींचा शाळेचा वेळ वाचला, हे थोडे पुण्य नव्हे. परंतु नळ आला आणि विहिरीवरचा रहाट थांबला. उपसा थांबलेल्या विहिरीचे पाणी साचून राहते, साचलेल्या पाण्यास वास येतो, वास आला की लोक तीत केर टाकू लागतात, आणि केर पडू लागला की ती विहीर राहत नाही, उकिरडा होते. शहरातील कित्येक विहिरींची अशीच गत झाली.

१९९५ साली पावसाने दगा दिला आणि राकसकोपचा साठा नगराला पुरेना. तेव्हा लोकांना विस्मृत विहिरींची आठवण झाली. जाणत्यांनी भूगर्भाची पाहणी केली. महानगरपालिकेने जुन्या मोठ्या विहिरींतील गाळ उपसला, भिंती सावरल्या, पंप बसविले व ते पाणी आसपासच्या वस्त्यांना दिले. काँग्रेस विहीरही त्यांत होती. जिला एका अधिवेशनासाठी खोदले, ती सत्तर वर्षांनंतर नगराच्या अडचणीत उपयोगी पडली.

हैदराबाद–सिकंदराबादेत बन्सीलालपेठ येथील पायऱ्यांच्या पुरातन विहिरीची कथाही अशीच आहे. ती केरकचऱ्याने पार बुजून गेली होती. २०२१ मध्ये तिचे काम हाती घेण्यात आले. गाड्यामागून गाड्या कचरा निघाला, दगडी पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या, झरे मोकळे झाले, आणि ५ डिसेंबर २०२२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. जे एका नगरात झाले ते दुसऱ्या नगरात होऊ शकते. जे एका पेठेत झाले ते एका देवळाच्या अंगणात का होऊ नये?

दोष कोणाचा?

आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे. आपल्या विहिरीवर लादी घातली ती कोणा परक्याने नव्हे. व्यवस्थापक समितीच्या सभेत ठराव झाला, आणि त्या सभेस आमच्यापैकी काही जण उपस्थित होते. मुले पडतील ही भीती होती, आणि उत्सवात मांडवास जागा अपुरी पडत होती. दोन्ही कारणे खोटी नव्हती. परंतु त्यापूर्वीची कित्येक वर्षे आपणच त्या विहिरीत निर्माल्य टाकीत होतो, जुन्या तसबिरी सोडीत होतो, आणि हे आपण भक्तीने करतो आहोत असे मानीत होतो. फुले कुजली, वास सुटला, मग झाकण आले. आपण आधी तिला मलिन केले व नंतर तिच्या मलिनतेमुळे तिला झाकले. स्नानाच्या वेळी तांब्यातील पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी ह्या सप्तनद्यांना आवाहन करणारे आपण, देवाच्या अंगणात असलेली जलदेवता मात्र विसरलो.

३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या पवित्र दिवशी, इंदूर नगरातील एका मंदिरात जुन्या बावडीवर घातलेली लादी भक्तजनांच्या भाराने कोसळली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. ते लोक देवदर्शनासाठी व होमासाठी जमले होते. आपल्या पायांखाली विहीर आहे हे त्यांतील कित्येकांना ठाऊकही नसावे. ह्या दुर्घटनेवर कोणास बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही ती वार्ता वाचली तेव्हा आम्हांस आपलीच लादी आठवली. झाकलेली विहीर नाहीशी होत नाही. ती केवळ डोळ्यांआड होते. डोळ्यांआड केलेल्या कर्तव्याचेही असेच आहे.

कोणी म्हणतात, मग ती मातीने बुजवून टाकावी, म्हणजे भय नाही. हा उपाय सोपा आहे खरा. परंतु ज्या झऱ्याने आपल्या चार पिढ्यांना पाणी दिले त्याच्या मुखात माती घालण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे. भय आहे ते उघड्या विहिरीचे नाही, निष्काळजीपणाचे आहे. मजबूत कठडा, वर लोखंडी जाळी आणि कुलूप असलेले दार, एवढ्याने मुलेही सुरक्षित राहतात आणि विहीरही श्वास घेते.

कोणाची विहीर?

दुसरा एक दोष ह्याहून जुना आहे व तो सांगण्यास अधिक धैर्य लागते. आपली विहीर जेव्हा वाहती होती, तेव्हाही ती सर्वांची नव्हती. आपल्याच नगरातील काही बांधवांना तिच्यात पोहरा सोडण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओंजळीत पाणी ओतील तेव्हाच त्यांनी प्यावे, असा दंडक होता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ज्या पाण्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, त्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला.

नामदेवांच्या हाकेने वर आलेल्या पाण्याने कोणाची जात विचारली नव्हती. आपण विचारली. विहिरीचा गाळ काढताना हाही गाळ काढला पाहिजे. म्हणून विहीर पुन्हा वाहती झाली की तिचा एक नळ मंदिराच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या बाजूस असावा, आणि त्यावर कोणत्याही पाटीची अट नसावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ह्याविना जीर्णोद्धार केवळ दगडांचा होईल.

काम कसे करावे

आता प्रत्यक्ष कामाविषयी. वैशाखात पाण्याची पातळी सर्वांत खाली असते, म्हणून गाळ काढण्यास हाच काळ योग्य. अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्रापर्यंत साधारण महिनाभर हाती मिळतो. तेवढ्यात मुख्य काम उरकावे.

पहिली गोष्ट, कोणीही उत्साहाच्या भरात विहिरीत उतरू नये. दीर्घकाळ झाकलेल्या विहिरीत विषारी वायू साठतात व प्राणवायू उरत नाही. अशा विहिरीत एक माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यास दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. असे प्रसंग दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. कंदील सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीवर विसंबू नये. लादी काढून विहीर काही दिवस मोकळी ठेवावी, पंख्याने हवा खेळवावी, यंत्राने हवा तपासून घ्यावी, आणि दोर व पट्टा बांधलेल्या, ह्या कामातील जाणत्या माणसांनाच उतरू द्यावे. त्यांची मजुरी देताना घासाघीस करू नये. देवाच्या विहिरीत जीव धोक्यात घालून उतरणारा माणूस त्या दिवशी आपणा सर्वांहून देवाच्या अधिक जवळ असतो.

दुसरी गोष्ट, पाणी एकदम उपसू नये. आतील पाण्याचा आधार अकस्मात गेला की जुनी भिंत आत ढासळते. थोडथोडे उपसावे, भिंत पाहावी, सुटलेले चिरे बसवावेत, झऱ्यांची मुखे मोकळी करावीत. शेजारच्या गटाराची किंवा शौचकूपाची गळती विहिरीकडे येत असेल तर ती आधी थांबवावी. हे केल्यावाचून बाकी सारा खर्च व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट, नामदेवांची हाक. आपल्या सभामंडपाचे छप्पर सुमारे ३,००० चौरस फूट भरते. त्यावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे ७,००० लिटर पाणी जमते. हंगामात ४० इंच पाऊस धरला, आणि बेळगावचा पाऊस साधारण वर्षी ह्याहून अधिकच असतो, तर पावणेतीन लक्ष लिटरांहून अधिक पाणी केवळ ह्या एका छपरावरून दरवर्षी गटारात जाते. पहिल्या एकदोन सरींचे धुळीचे पाणी सोडून द्यावे, आणि पुढचे पाणी वाळू, खडी व कोळसा घातलेल्या गाळणीतून विहिरीत किंवा तिच्या शेजारच्या शोषखड्ड्यात उतरवावे.

कोणी व्यवहारी सभासद विचारील, एवढे पाणी आपण जमिनीत घातले तर ते आपल्याच विहिरीत राहील कशावरून? राहणार नाही. काही भाग भूमीतून सरकत शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल, काही खालच्या आळीतील झाडांच्या मुळांना मिळेल. ह्यालाच आपले वाडवडील गुप्तदान म्हणत. घेणारा देणाऱ्याला ओळखत नाही आणि देणारा घेणाऱ्याला, असे दान आजच्या काळात दुर्लभ आहे. विहिरीच्या काठावर ते आयते मिळते.

चौथी गोष्ट, पाणी प्रयोगशाळेत तपासून शुद्ध ठरेपर्यंत पिण्यास वापरू नये. प्रांगण धुणे, हातपाय धुणे, फुलझाडे, शौचालये, उत्सवातील भांडी घासणे ह्यांना ते लावावे. तेवढेच नळाचे पाणी नगरासाठी वाचेल. आणि ते रोज वापरावे. विहिरीचे पाणी विद्येसारखे आहे. काढीत राहावे तो ताजे राहते, कोंडून ठेवावे तो नासते.

दुष्काळाची शिदोरी

एका देवळाच्या विहिरीने नगराचा दुष्काळ हटणार आहे काय, असा प्रश्न येईल. प्रामाणिक उत्तर आहे की नाही. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. दहा फूट पाणी असले तरी शंभर कुटुंबांना रोज शंभर शंभर लिटर दिल्यास नऊ दिवस पुरेल. झरे वाहते असतील तर अधिक. नळ बंद पडल्यानंतरचे हे दिवस थोडे वाटतात, परंतु टँकरच्या रांगेत जी आजीबाई घागर घेऊन उभी राहते तिला ते थोडे वाटत नाहीत. आणि आपल्या नगरात विहीर एकच नाही. प्रत्येक देवळाने, प्रत्येक मठाने, प्रत्येक वाड्याने आपापली विहीर राखली, तर एखाददुसऱ्या जलाशयावर टांगलेला नगराचा जीव शंभर ठिकाणी टेकेल.

जलाशयाचे पाणी उन्हाने उडते, आणि एका वर्षी पाऊस चुकला की त्याचा तळ दिसू लागतो. भूमीतील पाण्यास ऊन लागत नाही, ते सावकाश सरकते, म्हणून गतसाली मुरलेला पाऊस यंदाच्या उन्हाळ्यात कामास येतो. तथापि तीही ठेव अमर्याद नाही. ठिकठिकाणी खोल बोअर मारून आपण ती उपसतो आहोत, आणि बोअर आपली पातळी डोळ्यांना दाखवीत नाही. विहीर दाखविते. पाणी एक पायरी खाली गेले की पाहणाऱ्याला आपोआप हात आखडता घ्यावासा वाटतो. ती आपल्या अंगणातील वही आहे. जमा किती, खर्च किती, हे तीत रोज वाचता येते.

२०१६ च्या एप्रिलात लातूर नगरास पाणी पुरविण्यासाठी आपल्या शेजारच्या मिरजेहून आगगाडी धावली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लक्ष लिटर पाणी गेले. त्या गाडीची छायाचित्रे पाहून आपण हळहळलो. तो प्रसंग आपल्यावर येणार नाही, असे वचन कोणी दिलेले नाही.

संकल्प

यंदा अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान नित्याप्रमाणे होईलच. त्यासोबत, सकाळच्या आरतीनंतर, आपण सर्वांनी त्या लादीपाशी जमावे अशी आमची विनंती आहे. प्रथम तेथील चपला उचलाव्यात. जाणत्या माणसांच्या सल्ल्याने, अंतर राखून, ती लादी काढण्यास आरंभ करावा. आत काय दिसेल ते आम्हांस ठाऊक आहे. कुजके निर्माल्य, फुटक्या तसबिरी, काळे पाणी, आणि दुर्गंध. त्या दिवशी कोणी नाकास पदर लावून मागे फिरू नये. ते सारे आपलेच आहे.

ज्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी त्यांना हात धरून आणावे. विहिरीचे झरे कोणत्या बाजूस होते, पायऱ्या किती होत्या, कोणत्या उन्हाळ्यात पाणी कुठवर गेले होते, हे त्यांच्याखेरीज कोणास सांगता येणार नाही. ज्या घरी मुले आहेत त्यांनी मुलांना आणावे. ज्यांना द्रव्य देणे शक्य आहे त्यांनी द्रव्य द्यावे, ज्यांना शक्य नाही त्यांनी हिशेब लिहावा, गाळाच्या गाड्या मोजाव्यात, मजुरांना ताक द्यावे. नाव कोरलेली शिळा लावण्यात येणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

आणि गतवर्षी जिने प्रश्न विचारला ती मुलगीही यावी. तिला आम्ही तेव्हा पुरते उत्तर दिले नाही. ईश्वरकृपेने मृगाच्या सरी वेळेवर आल्या आणि आपले हात खरोखर गाळात उतरले, तर पुढच्या अक्षय्य तृतीयेस ती पुन्हा विचारील, “हे पाणी कुठले?” तेव्हा तिला कठड्यापाशी नेऊन खाली बोट दाखविता यावे, एवढीच आमची आकांक्षा आहे. आभाळातून आले, देवळाच्या छपरावरून उतरले, भूमीने राखले, आणि तुझ्यासाठी व भिंतीपलीकडील तुझ्या भावंडांसाठी वर आले, असे तिला सांगता यावे.

वरुणदेवता आपणा सर्वांवर प्रसन्न असो. कोणाचाही घडा रिकामा न राहो.

इति शुभम्.